ऐंशी घरं, चोवीस ओळी

गेल्या महिन्यात वहिनीच्या शाळेच्या फायली सर्व्हरवर चढवत बसलो होतो. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि फायलींना नावं मराठीतच देते. 'विद्यार्थी यादी', 'शालेय पोषण आहार', 'तिसरी ते पाचवी हजेरी'. पेनड्राइव्हवर, मोबाइलवर, ब्राउझरमध्ये ही नावं व्यवस्थित दिसतात. मी आज्ञा टाइप करायच्या माझ्या काळ्या खिडकीत यादी मागवली आणि 'विद्यार्थी' मोडून पडला. वेलांटी 'व'पासून सुटी झालेली, रफार भलत्याच जागी, आणि कर्सर नावाच्या शेवटी असायचा तो दोन बोटं पुढे जाऊन लुकलुकतोय. नाव बदलावं म्हणून मागून खोडत गेलो, तर पडद्यावर एक अक्षर पुसलं जायचं आणि प्रत्यक्षात दुसरंच गेलेलं असायचं. चहाचा कप घेऊन मागे उभी असलेली वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमच्या ह्या काळ्या खिडकीला मराठी येत नाही का हो?" मी म्हटलं, "येतं, पण..." आणि थांबलो. त्या 'पण'च्या पुढे जे होतं ते चहा निवेपर्यंत सांगून होण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

ती खिडकी दिवसभर सोंग करत असते. लॅपटॉप कालचा असो की दहा वर्षांपूर्वीचा, लिनक्स असो की मॅक, त्या काळ्या चौकोनातला प्रोग्रॅम आपण एक जुनं यंत्र असल्याचं भासवतो, आणि ते यंत्र बहुतेक वेळा व्हीटी100 किंवा त्याच्याच गोतावळ्यातलं असतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1978 साली बाजारात आणलेला हा टर्मिनल. टर्मिनल म्हणजे संगणक नव्हे, नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरा संगणक दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या गावात. तिकडून तारेवरून एकामागून एक अक्षरं येणार आणि हा ती पडद्यावर मांडणार. कर्सर हलवायचा, ओळ पुसायची, अक्षर ठळक करायचं तर त्यासाठी एस्केप या संकेतापासून सुरू होणाऱ्या खुणा ठरलेल्या. आजही माझी खिडकी त्याच खुणा पाळते. चाळीसहून जास्त वर्षांत त्या यंत्रातला काच, काटा, पत्रा सगळं भंगारात गेलं; त्याच्या सवयी मात्र राहिल्या.

मी खरे टर्मिनल पाहिले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्यात, संगणकाच्या एका प्रयोगशाळेत. चपला दाराबाहेर. आत एसीचा गारवा, आणि त्या गारव्याला तापलेल्या धुळीचा एक कोरडा वास. काचेच्या केबिनमध्ये युनिक्सचं एकच यंत्र आणि बाहेर भिंतीला लागून त्याचे टर्मिनल. काहींचे पडदे हिरवे, काहींचे हळदीकडे झुकणारे केशरी. बटण दाबलं की आधी बारीक तडतड ऐकू यायची, मग पडदा सावकाश उजळायचा. काचेजवळ हात नेला की मनगटावरचे केस उभे राहायचे. कानाच्या अगदी टोकाला एक चिरका सूर सतत असायचा. आमच्या सरांना तो ऐकू येत नसे, आम्हाला यायचा. कोपऱ्यातल्या एका टर्मिनलवर डाव्या बाजूला वर 'लॉगिन' हा शब्द कायमचा भाजला गेला होता. वर्षानुवर्षं तोच शब्द त्याच जागी तेवत राहिल्याने तिथलं फॉस्फर, म्हणजे काचेमागचा उजळणारा लेप, थकलं होतं. पडदा बंद असतानाही तिरप्या उजेडात तो वाचता यायचा.

तिथे आम्हाला पहिल्यांदा शिकायला मिळाली ती वाट पाहणं. हिशेब सोपा आहे. पडद्यावर 24 ओळी, ओळीत 80 अक्षरं, म्हणजे एकूण 1920. आमच्या तारांचा वेग 9600 बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण 960 अक्षरं. भरगच्च पडदा वरपासून खालपर्यंत उतरायला दोन सेकंद. डोळ्यांना तो पडदा रंगवताना दिसायचा. हे तरी राजेशाही. त्याआधी अमेरिकेत लोक टेलिफोनच्या तारेवरून 300 बॉडने काम करत; सेकंदाला 30 अक्षरं, भरलेल्या पडद्याला 64 सेकंद. आणि त्याच्याही आधी, साठच्या दशकात, टेलिटाइप मॉडेल 33 सारखी यंत्रं होती, त्यांना पडदाच नव्हता. खडखड करत कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा अक्षरं छापायची आणि छापलेलं परत घेता यायचं नाही. पहिले व्हिडिओ टर्मिनल म्हणजे त्या गुंडाळीच्या जागी बसवलेली काच. कागद वाचला एवढंच. वागणूक तीच, खालून नवी ओळ येणार, वरची सरकत जाऊन नाहीशी होणार. कागदावर निदान मागचं वाचायला शिल्लक राहायचं. काचेवर वरच्या कडेपलीकडे गेलेली ओळ कायमची गेली.

वेगाची ही तंगी लोकांनी कशी निभावली याचा माझा आवडता नमुना म्हणजे व्हीआय हा मजकूर लिहायचा-खोडायचा एडिटर. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉयने तो लिहिला तेव्हा त्याच्यासमोर एडीएम-3ए हा टर्मिनल होता. लिअर सिग्लर कंपनीचा, 1976 चा, किंमत हजार डॉलरला पाच कमी. 'डम टर्मिनल' हे बिरुद कंपनीने स्वतःच जाहिरातीत मिरवलं होतं. त्याला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते. व्हीआयमध्ये कर्सर हलवायला आजही याच चार कळा आहेत आणि जगभरची कोवळी पोरं त्या निमूटपणे पाठ करतात. त्याहून मजेची गोष्ट वेगळीच. मंद तारेवर एखादी ओळ खोडली, तर खालच्या सगळ्या ओळी वर सरकवून दाखवायच्या म्हणजे अर्धा पडदा पुन्हा पाठवणं आलं. म्हणून व्हीआय ते करायचाच नाही. खोडलेल्या ओळीच्या जागी डावीकडे नुसतं @ चिन्ह ठेवायचा: इथे आता काही नाही, असं समजून चाला. सवडीने सांगितलंत तर पडदा नव्याने काढतो. माणूस आणि यंत्र यांच्यातला हा समजूतदारपणा मला अजून भावतो. आता पान उघडायला वेळ लागला की नुसतं एक गोल फिरणारं चक्र दिसतं, आणि आतमध्ये काय चाललंय याचा थांगपत्ता नसतो.

प्रयोगशाळेत रोज एक तरी जण "सर, मशीन हँग झालं" म्हणून ओरडायचा. बहुतेक वेळा त्याचं बोट चुकून कंट्रोल-एसवर पडलेलं असायचं. ही कळ होती मुळात टर्मिनलच्या दमछाकीसाठी. व्हीटी100 वर ओळी सुळकन न सरकता सावकाश वर सरकाव्यात अशी सोय होती, पण मग सेकंदाला सहाच ओळी पुढे जायच्या आणि तारेवरून तर धो धो येत असायचं. पोटात मावेना झालं की टर्मिनल स्वतःच कंट्रोल-एसचा संकेत पाठवायचा, थांब. पचलं की कंट्रोल-क्यू, पाठव. आमचा ओरडणारा मित्र न कळत तेच बोलला होता आणि यंत्र बिचारं आज्ञाधारकपणे गप्प बसलं होतं. सर येऊन एक कळ दाबायचे, काही न बोलता निघून जायचे, आणि अडलेलं सगळं भसाभसा वाहू लागायचं.

दुसरा तमाशा याहून भारी. कुणीतरी साध्या मजकुराऐवजी प्रोग्रॅमची बायनरी, म्हणजे फक्त यंत्रालाच वाचता येणारी, फाइल पडद्यावर ओतायचं. त्या कचऱ्यात कुठेतरी 14 क्रमांकाचा संकेत असायचा, आणि त्याचा अर्थ टर्मिनलच्या लेखी 'आता दुसरा अक्षरसंच वापर' असा. तो दुसरा संच असायचा तक्ते आखायच्या रेघांचा. झालं! त्यानंतर येणारं प्रत्येक छोटं अक्षर कोपरा, आडवी रेघ, उभी रेघ किंवा फुली होऊन उमटायचं. टाइप करावं 'डेट', उमटावं नळजोडणीचं चित्र. नवखे टर्मिनल बंद करून चालू करायचे. जाणकार त्या रेघांच्या जंगलात न बघता 'रीसेट' टाइप करून एंटर मारायचे. पडद्यावर दिसतंय ते खोटं आहे आणि आपण लिहितोय ते पलीकडे बरोबर पोचतंय, हा विश्वास बोटांत यायला थोडे दिवस लागायचे.

हे सगळं मला अजून लोभस वाटतं, आणि इथेच माझं घोडं पेंड खातं. इंटरनेटवर जुन्या केशरी पडद्यांचे फोटो फिरतात, खाली लोकांचे उसासे: काय तो साधेपणा! मीही बघत बसतो. पण वहिनीच्या प्रश्नानंतर त्या साधेपणाकडे जरा वाकड्या नजरेने बघायला लागलोय. तो साधेपणा रोमन लिपीच्या अंगावर बेतलेला होता. एक संकेत, एक अक्षर, एक घर, म्हणजे पडद्यावरची अक्षरापुरती एक चौकट. ओळीत 80 घरं, कारण आयबीएमच्या 1928 च्या छिद्रांच्या कार्डाला 80 रकाने होते आणि तो आकडा लोकांच्या हाडीमासी खिळला होता. घरात अक्षर मावलं नाही तर? रोमनलाही सुरुवातीला चटके बसले. डिजिटलचा 1970 चा व्हीटी05 फक्त मोठी अक्षरं दाखवायचा, 20 ओळी, ओळीत 72. एडीएम-3ए वर छोट्या अक्षरांचे पैसे वेगळे. व्हीटी50 ला 12च ओळी. पडदा सेकंदाला पन्नास-साठ वेळा नव्याने रंगवायचा म्हणजे त्यावरचं प्रत्येक अक्षर कुठेतरी लक्षात ठेवायला हवं, आणि मेमरी सोन्याच्या भावाची. व्हीटी100 ला एका ओळीत 132 अक्षरं दाखवता यायची, पण जादा कार्ड बसवलं नसेल तर मग 24 ऐवजी 14च ओळी. तिथवरच त्याची ऐपत.

बाकीच्यांनी आपापल्या परीने जमवून घेतलं. स्वीडिश लोकांनी महिरपी कंसांच्या जागी आपले टिंबवाले, कडीवाले स्वर बसवले आणि वर्षानुवर्षं सी या संगणकभाषेतले प्रोग्रॅम कंसांऐवजी त्या स्वरांतच वाचले. जपानी लोकांनी काताकाना ही आपली उच्चारांची लिपी आक्रसून एका घरात कोंबली, कांजी या चिनी वळणाच्या अक्षरांना दोन घरं दिली. देवनागरीचं असं होईना. एका घरात मावेना, दोन देऊनही भागेना. चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला एकच खोली असा नियम असताना एका कुटुंबाचा आजोबा माळ्यावर, सून शेजारच्या खोलीत आणि पोरगा जिन्याखाली राहत असावा, तसं आपल्या अक्षराचं.

'मूर्तींना' हा शब्द व्हीटी100 च्या घरात बसवून बघा. एका अक्षराला 7 आडवे आणि 9 उभे ठिपके. 'र्तीं'च्या डोक्यावर वेलांटीची कमान, तिच्यावर रफार, शेजारी अनुस्वार. नुसत्या कमानीला दोन ओळी, रफाराला निदान एक. शिरोरेषेला एक. 'मू'च्या खाली दीर्घ ऊकार, त्याला दोन हव्यात, आणि आधीच्या अक्षराशी चिकटू नये म्हणून एखादी मोकळी. उरल्या दोन-तीन ओळी. त्यात 'म'चं पोट आणि 'त'चा बाक काढून दाखवायचा. मी चौकटीच्या वहीत प्रयत्न केला. 'त' आणि 'न' यांत फरकच राहिना.

आणि आकाराचं काहीतरी करता येईल, क्रमाचं काय करणार? 'कि' लिहिताना आपण आधी 'क' म्हणतो, मग इकार. संकेतही त्याच क्रमाने येतात. टर्मिनलने 'क' घेतला, दहाव्या घरात बसवला आणि हात झटकून अकराव्याशी उभा राहिला. आता पहिली वेलांटी आली. तिची जागा 'क'च्या आधी, म्हणजे दहाव्या घरात. रफाराचं उलटं: 'र' आधी येतो, पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, आणि तेही त्या अक्षराची मात्रा येऊन गेल्यावर. आलेलं अक्षर छापून पुढे चालू लागणं हेच ज्याचं कर्म, त्याला आपली लिपी दर दोन पावलांनी मागे बोलावते.

हे जमवणारी माणसं आपल्याकडे होती, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी टर्मिनलवर काम चालू होतं. 1983 साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो मांडलाही गेला. त्यातून जिस्ट हे तंत्र उभं राहिलं, आणि 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत ते वाढलं. त्यांचा टर्मिनल बाहेरच्या जगाशी व्हीटी100 च्याच भाषेत बोलायचा. जोडाक्षर घडवणं, वेलांटी मागे नेणं, रफार वर चढवणं हे सगळं तो आपल्याआपण सांभाळायचा. पलीकडच्या संगणकाला त्याचा पत्ताही लागायचा नाही. 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतव्यवस्था प्रमाण म्हणून स्वीकारली, तीतही अक्षरं उच्चाराच्याच क्रमाने साठवायची हेच तत्त्व होतं. जगभरच्या लिप्यांना संकेत देणाऱ्या युनिकोडमधली आपली देवनागरी याच वळणाने आली. थोडक्यात, माझ्या काळ्या खिडकीला आज जे जमत नाही ते तीसेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या लोकांनी ठोकळ्यात बसवून दाखवलं होतं. ते जगाच्या अंगवळणी पडलं नाही, कारण जगाने सोंगासाठी जो चेहरा निवडला तो डिजिटलचा होता. आजही 'विद्यार्थी' या शब्दात आपल्याला अक्षरं तीन दिसतात, संकेत असतात दहा, आणि घरं किती मोजायची याबद्दल त्या खिडकीतल्या दोन प्रोग्रॅममध्ये एकमत नसतं. एक कर्सर आठव्या घरापाशी नेतो, दुसऱ्याने शब्द पाचातच आटोपलेला असतो. वहिनीच्या फायलींची नावं त्या दोघांच्या मधे पडून मोडतात.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. त्या प्रयोगशाळेत, सी-डॅकपासून काही किलोमीटरवर, आम्ही रोज तासन्‌तास त्या पडद्यांसमोर बसायचो आणि मराठी दिसत नाही याची कुणालाही उणीव भासली नाही. भिंतीवरच्या सूचना मराठीत, भांडणं मराठीत, सरांच्या शिव्या मराठीत. काचेच्या आत मात्र इंग्रजीच असणार, हे आम्ही दाराबाहेर चपला काढण्याइतक्या सहजपणे मानलं होतं. पदरी पडलं पवित्र झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, साठच्या दशकाच्या आरंभी टिफ्रॅक हा संगणक इथल्या माणसांनी इथेच बांधला होता, आणि त्याला आलेख नि अक्षरं दाखवणारा कॅथोड किरणांचा पडदाही जोडला होता. कुलाब्यातल्या त्या माणसांना 'हे असंच असणार' असं वाटलं असतं, तर पडदा झालाच नसता. आमच्या वेळेपर्यंत यंत्र खोक्यातून यायला लागलं होतं.

आणि ही सगळी चर्चा अक्षरांच्या सौंदर्याची असती तर एक वेळ सोडून दिली असती. पण त्या घरांत माणसंही कोंबली गेली. आमच्या आजोबांचं एका बँकेत खातं होतं. खातेवह्यांवरून सगळं टर्मिनलवर चढवलं गेलं तेव्हा नावं रोमनमध्ये आली, मोठ्या अक्षरांत. आडनावाचा रकाना वेगळा. नाव आणि वडिलांचं नाव मिळून 20 घरं. दत्तात्रय विश्वनाथ हे रोमनमध्ये मधल्या मोकळ्या जागेसकट 21 होतात. शेवटचा एच कडेवरून खाली पडला आणि आमचे पणजोबा विश्वनाट झाले. पासबुकावर तसंच छापून यायचं. आजोबा हसायचे, म्हणायचे, "बापाला नाटकाची हौस होतीच."

पुढे टर्मिनल गेले, शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या, रंगीत पडदे आले. नाव जसंच्या तसं नव्या व्यवस्थेत ओतलं गेलं. कुणी कशाला हात लावेल? आजोबा गेल्यावर वारस म्हणून बाबा तिथे गेले. मृत्यूच्या दाखल्यावर विश्वनाथ, खात्यावर विश्वनाट. काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी पडदा बाबांकडे वळवून दाखवला. "काका, मला कळतंय हो, पण सिस्टिम घेत नाही." मग बाबांनी स्टॅम्पपेपर आणला, तहसीलच्या आवारातल्या टंकलेखकाकडून त्यावर मजकूर करून घेतला, की दत्तात्रय विश्वनाथ आणि दत्तात्रय विश्वनाट ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती माझे वडील होत. खाली सही, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. टंकलेखकाने दुसऱ्या ठिकाणीही सवयीने विश्वनाथच टाइप केलं होतं. ते पांढऱ्या शाईने पुसून घ्यावं लागलं, आणि त्या खाडाखोडीवर बाबांनी वेगळी सही केली.